ओल्या वॉर्निशवरचा अंगठा

तीर्थरूप आई,

नमस्कार लांबूनच करतो, हात वॉर्निशनं चिकट आहेत. मी ठणठणीत आहे, जेवणही वेळेवर होतं.

मी घडवलेल्या पहिल्या गिटारला काल वॉर्निशचा शेवटचा हात दिला. नुसता आरसा झाला होता! मालकांनी बजावलं होतं, "वाळेपर्यंत बोट लावायचं नाही." पण हवा दमट, वाळलं की नाही तेच कळेना. राहवलं नाही, हळूच अंगठा टेकवला. तो मधोमध रेघांसकट उमटलाय. घासून काढावा, तर खालचं लाकूड अगदी पातळ. उद्या मालक बघतील. ठेवतात की नारळ देतात, देव जाणे. पण तू काळजी करू नकोस.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं असं कळवलंस, पण पट्टीबद्दल चकार शब्द नाही. उघडली का? दिसतंय ना त्यांना? डॉक्टरांनी हात लावू नका म्हणून सांगितलंच असेल. पण मी कुणावर गेलोय, ते तुला ठाऊक आहे.

तेवढा त्यांचा हात धरून बस, आई. माझा धरायला इथे कुणी नव्हतं.

तुझा,
उतावळा