निवडलेला भाग रिकामा आहे

चि. बारके,

अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशीलच, नसतीस तर फोन केला असतास. माझा गुडघा कुरकुरतो, तुझी काकू कुरकुरत नाही, एकूण बरं चाललंय. तुझ्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन पंधरवड्यावर आल्याचं परस्पर कळलं. (परस्पर म्हणजे तुझ्या आईकडून काकूला आणि काकूकडून मला. सायकलचं दुकान विकल्यापासून आम्ही दोघे भाऊ बोलत नाही, हे तू जाणतेसच.)

तर त्या दुकानाच्या दारातला एक जुना फोटो सापडला. दादा पंक्चर काढतोय, मी पंप धरून रुबाबात उभा. पट्टी सुटल्यावर दादाला बघण्यासारखं काही असावं, म्हणून तो मोठा करून द्यायचं ठरवलं. पण नेमका त्याच्या डोक्यावरून चरा गेलेला. तू कॉम्प्युटरमध्ये फोटो दुरुस्तीचं जे काही घालून दिलंस ते उघडलं, तू शिकवलंस तशी दादाच्या डोक्याभोवती तुटक रेघ काढली, बटण दाबलं, तर एक चौकट टपकली: 'निवडलेला भाग रिकामा आहे.' खरं सांगतो, आधी मला बरंच वाटलं. दुकान विकताना मी हेच म्हणत होतो, पण तेव्हा माझ्या बाजूने कुणी नव्हतं. काकूला बोलावून दाखवलं. तिने चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "भाऊजींना कळवू नका."

चरा मात्र हलेना. 'ठीक' दाबलं की चौकट जायची आणि पुन्हा हजर. मग पडताळा म्हणून माझ्या डोक्याभोवती रेघ काढली. तोही भाग रिकामा निघाला. (काकू तेवढ्यात स्वयंपाकघरात गेली. हसू ऐकू येत होतं.) शेवटी तीच परत येऊन म्हणाली, "सगळंच रिकामं म्हणतंय, म्हणजे तुम्ही भलतीकडे काम करताय." आणि तसंच होतं. माझ्या हातून फोटोवर एक कोरा थर चढला होता आणि मी त्याच्यावरच खरवडत बसलो होतो. खालचा थर निवडल्यावर चौकट पुन्हा आली नाही. चरा बुजला. जरा जास्तच बुजला, दादाला केस दाट आलेत, पण त्याची तक्रार नसावी.

चरा बुजवायला फोटो खूप मोठा केला, तेव्हा दिसलं की दादाच्या सदऱ्याचा खिसा उसवलेला आहे आणि माझा सदरा कोरा करकरीत. इतकी वर्षं तो फोटो पाहिला, माझं लक्ष आपलं पंपाकडेच.

आईला नमस्कार सांग.

तुझा काका

ता.क. चौकटीचा घोळ निस्तरला आहे, तेव्हा उत्तर पाठवायची गरज नाही.

आणखी ता.क. पाठवच. फोटो कुरियरने धाडू की स्वतः घेऊन येऊ, एवढं बाबांना विचार. कुरियरने म्हणाले, तर मला सांगू नकोस. आम्ही तिकिटं काढली आहेत.