मी सांगते, तुम्ही जा

सूयाक, २८ ऑगस्ट १९६२
शेजारच्या भागीच्या अंगणात आम्ही तिघी, ती, येसू आणि मी, माती मळायला बसलो. दोन वर्षांमागं बेटावर आलेल्या वादळात घर गेल्यापासून तिच्याकडे गणपती बसला नाही. यंदा सिमेंटचं घर उभं आहे, म्हणून मूर्ती स्वतःच्या हातानं करायची असा तिचा हट्ट. सोंड दोनदा गळून पडली. येसू म्हणाली, "राहू दे तशी. तुझ्या नवऱ्याचं नाक तरी कुठं सरळ आहे?" भागी इतकी हसली की तिसऱ्यांदा सोंड पडली.
आमचा मुठीचा डबा भागीकडेच असतो. रोज भात टाकताना तिघी एकेक मूठ तांदूळ बाजूला काढतो, शनिवारी ज्याच्या घरी नड असेल त्याला देतो. या शनिवारी रस्त्यापलीकडच्या म्हाताऱ्या क्रेओल बाईला दिले. भागीनं तिला तिच्याच क्रेओल बोलीत माझी ओळख करून दिली, "से मो सेर." माझी बहीण. ती सगळ्यांना असंच सांगते.

३१ ऑगस्ट
ऊसतोडणी जोरात. मिलचा धूर खाली आला की अजून दार लावून घेते. आमचे हे त्याच मिलमधून घरी आले, चादरीत गुंडाळलेले. भागीचा दादा शमें ग्रेनिए गावी छातीच्या दुखण्यानं पडून आहे. आई गेल्यावर त्यानंच तिला वाढवलं. भागी म्हणते, बाप्पा उठले की दुसऱ्या दिवशी मोदक घेऊन जाणार. "त्याला साखरेचं सारण आवडत नाही, गुळाचे वेगळे करते."

२ सप्टेंबर, रविवार
दुपारी सडकेच्या नळावर होते. शमें ग्रेनिएहून तिथला निरोप्या रघू आला, सायकलवर, घामाघूम. भागीचं घर विचारलं. तिचा दादा सकाळी गेला. उद्या पहाटे नेणार. रघूला अजून पुढं रिव्हियेर देझांगीयला दोन घरी निरोप द्यायचे होते.
मी म्हणाले, मी सांगते, तुम्ही जा.
घागर घेऊन भागीच्या दारापर्यंत गेले. तिचा हरतालिकेचा उपास. मूर्तीला डोळे काढत होती, श्वास धरून. म्हणाली, "गो, जरा मागनं उजेड सोड." मी बाजूला झाले.
सांगितलं असतं तर सुतक. मूर्ती तशीच कोपऱ्यात झाकून ठेवायची, सलग तिसऱ्या वर्षी.
शमें ग्रेनिएची पाचची बस गेली. हॉर्न ऐकला.

३ सप्टें.
गणपती बसले. पोथी मी वाचली, दरवर्षीसारखी. एक ओळ सोडून पुढं गेले, कुणाच्या ध्यानात आलं नाही. भागीनं नवी साडी नेसली होती. आरतीला तिचा आवाज सगळ्यांत वर. तोवर तिकडे दादाला नेलंही असेल.
प्रसाद न खाता पदरात बांधला. येसूनं विचारलं, बरं नाही का. पित्त, म्हटलं.

४ सप्टें.
संध्याकाळी विसर्जन. समुद्रात माती विरघळेपर्यंत भागी पाण्यात उभी. वाटेत सांगायचं ठरवलं होतं. वाटेत ती मोदकांबद्दलच बोलत होती.
घरी आल्यावर भागी मोदकांच्या टोपलीवर फडकं बांधत होती, तेव्हा सांगितलं. "भागी, दादा गेला. आत्ताच निरोप आला."
आत्ताच. हा शब्द मला कुणी सांगितला नव्हता. आपणहून आला.
तिनं फडक्याची गाठ सोडली, परत बांधली. मग खाली बसली.

५ सप्टें.
भागी पहिल्या बसनं गेली. मोदक माझ्याकडे राहिले.
ह्यांना आणलं तेव्हा चार बायकांनी मला धरून ठेवलं होतं. बघू नकोस, तुझ्या भल्यासाठी सांगतो. भागी त्यांत नव्हती. ती ओरडत होती, सोडा तिला, बघू दे. तिचं कुणी ऐकलं नाही. ह्यांचं तोंड मी पाहिलंच नाही. अजून कधीकधी वाटतं, ते दुसरंच कुणी असेल.
हे सगळं मला ठाऊक होतं. नळावर उभी होते तेव्हाही ठाऊक होतं.

७ सप्टें.
भागी परतली, थेट माझ्याकडे आली. तिकडच्या बायकांनी तोंडावर टोमणा मारला, "बाप्पा भावाहून मोठा झाला का गो?" वहिनी म्हणाली, रविवारीच रघूला पाठवला होता. रघू शपथेवर सांगतो, नळावरच्या एका बाईला निरोप दिला. कुणाला खरं वाटत नाही. वाटेत दारूच्या दुकानात थांबला असेल, म्हणतात. भागीसुद्धा म्हणते.
"खोटारडा. आमच्या नळावरची बाई असती तर धावत आली नसती?" मग माझा हात धरून म्हणाली, "तुला कळलं असतं तर तू मला खांद्यावर घालून नेलं असतंस."
मी पोहे आणायला आत गेले. पोहे कुठं ठेवले ते आठवेना.

८ सप्टें., शनिवार
मुठीचे तांदूळ येसूच्या आजारी जावेला दिले. वाटेत येसू म्हणे, रघूला आता कुणी निरोप देत नाही, पोरं त्याच्या मागं सायकलची घंटी वाजवतात. हसत सांगत होती. मी हसले. हसले हे लिहून ठेवते.

९ सप्टें.
सांगितलं.
भागी भाजी निवडत होती. म्हटलं, नळावरची बाई मी. ती निवडतच राहिली. पुष्कळ कारणं मी घरून जुळवून नेली होती. तुझी मूर्ती, मूर्तीला डोळे काढणं, तीन वर्षं. एक बोलले, पुढची तोंडातच राहिली.
तिनं एवढंच विचारलं, "बस होती?"
"होती. पाचची."
"जागा?"
बस मी पाहिलीच नव्हती, हॉर्न तेवढा ऐकला होता.
"मी चालतसुद्धा गेले असते," म्हणाली. मग भाजीची सुपली उचलून आत गेली. दार लावलं नाही. मी त्या उघड्या दारातूनच परत आले.

११ सप्टें.
दादाचा दहावा. भागी तिकडे. येसूला तिनं काही सांगितलेलं दिसत नाही. येसू मला विचारते, "तुम्हा दोघींच्या तोंडाला कुलूप का?"
तिकडे तिनं काय सांगितलं असेल. रघू सुटला असेल का. माझं नाव घेतलं असेल का. दोन्ही गोष्टी एकदम हव्यात मला, रघू सुटावा आणि नाव निघू नये. हे लिहितानाच लाज वाटली.

१५ सप्टें., शनिवार
येसूनं परस्पर ठरवलं, तांदूळ भागीच्या वहिनीला. "विधवेच्या चुलीवर आत्ताच नड. तुम्ही दोघी जा, माझ्या पोरीला दिवस भरलेत, मी हलत नाही."
बसमध्ये भागी खिडकीशी बसली, डबा शेजारच्या जागेवर ठेवला. मी मागच्या बाकावर. वाटेत सुरिनाम गाव आलं, कुणी उतरलं, कुणी चढलं, तिनं डबा मांडीवर घेतला. जागा मोकळी राहिली. मी उठले नाही. भीती वाटली, नव्या माणसासाठी मोकळी केली असेल तर.
वहिनी दारातच होती, कपाळ पुसलेलं. मला पाहून भागीला विचारलं, "ह्या कोण?"
भागीनं बहीण म्हटलं नाही, शेजारीणही म्हटलं नाही. "तिलाच विचार," म्हणाली.
मी उंबऱ्याबाहेरूनच सांगितलं. वहिनी म्हणाली, "हे विचारत होते, भागी आली का. शुद्ध होती तोवर." मग, "रघू पलीकडच्या गल्लीत राहतो. त्यालाही सांगा."
गेले. रघूनं सायकल पुसणं थांबवलं नाही. "चार लोकांत सांगाल?" विचारलं. दुकानापुढे सांगितलं. लोक बघत होते. एक म्हातारी थुंकली.
भागी रात्री तिथंच राहणार होती. मला बसपर्यंत सोडायला आली. बस सुटताना रिकामा डबा खिडकीतून माझ्या हातात दिला.
डबा तिच्याकडे असतो. परत भरायला दिला, की तिला आता घरात ठेवायचा नाही, कळलं नाही. विचारायला तोंड उघडलं तोवर बस वळली होती.
घरी येऊन भात टाकला. एक मूठ बाजूला काढून डब्यात टाकली. तळाशी पडल्याचा आवाज झाला.