एका कढईत पाच उलथनी

वाशी, २ डिसेंबर १९४३
आजपासून इंग्रजी तारीख. निजामाचं फसली साल कचेरीला ठीक, व्यापाऱ्यानं पुढारलेलं असावं. बार्शीचा हलवाई म्हणतो, संक्रांतीपासून रोज दहा कढया खवा द्या, नाहीतर दुसरी भट्टी बघतो. नागप्पा एकटा दिवसाला दोन कढया काढायचा. काल जोडीला एक गडी दिला, पाच निघाल्या! म्हणजे अजून दोन गडी, की दहा. 'वीरप्पा खवा फॅक्टरी' असा बोर्ड रंगवायला दिला.

५ डिसेंबर
तिसरा गडी. साडेपाच कढया. नवखा आहे, रुळेल.

९ डिसेंबर
चौथा, मेव्हणा शरणबसप्पा. घरचा माणूस. पावणेसहा. नागप्पा म्हणाला, मालक, चूल एक, कढई एक, मानसं वाढवून काय व्हनार? कढई वाढवा की. अडाणी! कढईला हात असतात का? गिरिजाबाईनंही त्याचीच री ओढली. माझीच बायको!

१४ डिसेंबर
पाचवा गडी. डिसिप्लिन म्हणून पाचांनी पाच उलथनी एकदम हलवायची. शरणबसप्पाचं कोपर नागप्पाच्या दाढेवर बसलं. पाचच कढया. कुणीतरी मुद्दाम हात आखडतं. दगा!

१५ डिसेंबर
दगेबाज हुडकायला सहावा ठेवला, निगराणीला. दुपारी खवा करपला. प्रत्येकाला वाटलं, दुसरा हलवतोय. निगराणीवाला म्हणाला, मला मानसांकडं बघायला ठिवलंय, कढईकडं न्हाय.
चार कढया.

१८ डिसेंबर
हलवायानं माल परत धाडला. त्यालाही कुणी फितवलं असणार. नागप्पा सुजलेला गाल धरून गेला तो आलाच नाही. सात वर्षं माझ्या घरी जेवला. फार लागलं मनाला.

२ जानेवारी १९४४
नागप्पानं गल्लीच्या तोंडाशी भट्टी घातली. दोन चुली, दोन कढया, चार माणसं. रोज दहा कढया म्हणे. हलवाई तिकडं. मेव्हणाही तिकडं! उरलेले चौघे न सांगता गेले. आता कुणाचा भरवसा धरायचा?

१४ जानेवारी, संक्रांत
एकट्यानं कढई चढवली. लाकडं सारायला वाकलो तेवढ्यात बुडाला लागली. तिळगुळाचं निमित्त करून नागप्पाकडं गेलो. माझा अनुभव त्याला हवाच असणार. मोठ्या मनानं म्हणालो, पाचवा म्हणून येतो. त्यानं पाट मांडला, पाया पडला, ताजा खवा पुढं ठेवला. म्हणाला, मालक, तुमी कवाबी या, बसा. पर कामाला न्हाय. पाचवा आला की कोपर लागतं.
खवा उत्तम होता. खाववला नाही.
घरी आलो तर बोर्ड तयार होऊन आलेला. टांगायला एक माणूस पुरला.