तुझ्या बाबाचे हेडफोन

प्रिय भिंगरी,

तुझा फोन आला तेव्हा दवाखान्यात माणसं खोळंबली होती, म्हणून 'मग बोलू' म्हणून मी ठेवून दिला. बाबाचे हेडफोन विकायला काढू का, आणि काका, ते खरंच एवढ्या किमतीचे आहेत का, असं विचारलंस. तुझं बरोबर आहे. घर रिकामं करायचं म्हटलं की प्रत्येक वस्तू हातात घेऊन हाच प्रश्न पडतो. पण याचं उत्तर उभ्या उभ्या देण्यासारखं नाही, म्हणून लिहायला बसलोय.

आधी धंद्याचं सांगतो. मी आयुष्यभर लोकांचे कान तपासले. माणसाला त्या गादी लावलेल्या बंद खोलीत बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि सांगायचं, बारीकसा सूर आला की बटण दाबा. समोरच्या काचेतून मी त्यांचे चेहरे बघतो. ऐकू येत नसलं की माणसं हसतात, का कोण जाणे. तर, वय झालं की कान वरचे सूर एकेक करून सोडून देतो. आधी किड्यांची किरकिर जाते, मग लहान मुलांचं बोलणं अस्पष्ट व्हायला लागतं. तुझ्या बाबाने ते हेडफोन आणले तेव्हा त्याची पन्नाशी उलटली होती. मी म्हटलं, "वटवाघळांसाठी घेतलेस का रे?" तो म्हणाला, "दादा, तू लोकांना नुसतं बटण दाबायला शिकवलंस, ऐकायला नाही." तुझी आई मात्र पुढचा आठवडाभर त्याच्याशी 'पाणी दे, दिवा बंद कर' एवढंच बोलत होती. तिचंही काही चुकलं नाही. स्वयंपाकघराचं छत गळत होतं आणि हा कानात घालायला लाकडाच्या वाट्या घेऊन आला होता.

मला विचारशील तर चांगल्या साध्या हेडफोनवर जवळजवळ सगळं ऐकू येतं. त्यापुढे जे पैसे जातात त्यात लाकूड येतं, मऊ चामडं येतं, मित्रांना दाखवायची हौस येते. आणि अगदी थोडी, दोन आवाजांच्या मधली जागा येते. म्हणजे असं, की एकामागे एक उभी असलेली दोन माणसं वेगवेगळी दिसावीत. एवढ्याशा जागेसाठी एवढे पैसे कुणी शहाण्या माणसाने घालू नयेत. तुझ्या बाबाने घातले. गाण्याचं वेड म्हणून घातले असं तुम्ही समजत आलात. त्याने तुम्हाला तसं समजू दिलं.

आमचे वडील मालवाहू जहाजावर इंजिनघरात होते, हे तुला माहीत आहे. ते वर्षातले दोनेक महिने घरी असायचे. आईला पत्र लिहायचा कंटाळा, म्हणून त्यांनी एक टेपरेकॉर्डर आणून दिला होता. आई पुढच्या खोलीत टेबलाशी बसायची, पदर सारखा करायची, जणू ते समोरच बसलेत, आणि अर्धा तास बोलायची. घरमालक काय म्हणाला, नळाला पाणी किती वेळ असतं, मी शाळेत कुणाशी मारामारी केली. मग ती कॅसेट पुढच्या बंदराच्या पत्त्यावर जायची. वडील येताना सगळ्या कॅसेट परत घेऊन यायचे.

आम्ही दोघंच भावंडं नव्हतो, भिंगरी. तिघं होतो. माझ्यानंतर आणि तुझ्या बाबाच्या आधी एक बहीण होती. घरात तिला ठकी म्हणायचे. तिचे पुढचे दोन दात पडले होते, त्यामुळे 'स' म्हणताना शिट्टी वाजायची, आणि आम्ही हसलो की ती मुद्दाम 'स'चे शब्द शोधून बोलायची. तुझ्या घरात तिचा फोटो नाही, माझ्याही घरात नाही. आईने सगळे कुठे ठेवले ते आम्हाला कधीच कळलं नाही. तुला आत्या होती हे तुला अशा पत्रातून कळावं असं मला वाटत नव्हतं, पण तोंडाने सांगायला गेलो की मी दुसरंच काहीतरी बोलायला लागतो.

त्या थंडीत तिला ताप आला. साधा ताप, डॉक्टरही तसंच म्हणाले होते. ती मागच्या खोलीत पडून होती. मी शाळेत गेलो होतो. तुझा बाबा टेबलाखाली डबे वाजवत बसला होता, अजून शाळेत जात नव्हता. आई वडिलांसाठी टेप करत होती. तिने ठरवलं होतं की तापाचं सांगायचं नाही, समुद्रावरच्या माणसाला घोर कशाला लावायचा. म्हणून ती छान हसत हसत बोलत होती, की इकडे सगळं ठीक आहे, मुलं मजेत आहेत. आणि मागच्या खोलीतून ठकीने हाक मारली. आईला वाटलं, एवढं बोलणं पुरं करून जाऊ, टेप चालू आहे. आई आत गेली तेव्हा ठकीला झोप लागली होती. संध्याकाळी ताप डोक्यात चढला, आणि दोन दिवसांत ती गेली.

हे आईनेच मला सांगितलं, पुष्कळ वर्षांनी, बटाटे सोलता सोलता. "मला तेव्हाच ऐकू आलं होतं रे. पण काय म्हणत होती ते नाही कळलं." एवढंच म्हणाली आणि पुन्हा बटाटा हातात घेतला.

वडील सुट्टीवर आले तेव्हा ती कॅसेटही आली. त्यांनी ती जहाजावर किती वेळा ऐकली असेल कोण जाणे. 'मुलं मजेत आहेत.' आईने त्यांच्या देखत ती लावली आणि विचारलं, "मागे ऐकू येतंय का?" इंजिनांनी त्यांचे कान केव्हाच खाल्ले होते. ते म्हणाले, नुसती खरखर आहे. मलाही खरखरच ऐकू आली. मी तसं सांगितलं, आणि आईने मला पुन्हा कधी विचारलं नाही. पण त्यानंतर दुपारी शाळेतून आलो की ती दिसायची, टेबलावर डोकं आडवं टाकून, कान टेपरेकॉर्डरच्या जाळीला टेकवून. डोळे उघडे. आपण समोरून गेलो तरी ती पापणी हलवायची नाही. मी दप्तर टाकून मैदानावर पळायचो. तुझा बाबा लहान, तो घरीच. तो तिच्या शेजारी खुर्चीवर चढायचा आणि टेबलावर डोकं टेकवायचा. दोघं समोरासमोर, मध्ये तो खरखरणारा डबा. ते चित्र माझ्या डोळ्यांपुढून अजून हलत नाही. दवाखान्यात काचेपलीकडे माणूस मान कलती करून ऐकायला लागला की मला काचेत आई दिसते.

एके दिवशी आईने त्याला विचारलं, "तुला येतंय का रे ऐकू?" तो म्हणाला, "हो." तिने विचारलं, "काय म्हणतेय?" तो म्हणाला, "गाणं म्हणतेय." आई हसली. तिला त्या वर्षात हसताना पाहिलेला तो एकटाच. त्यानंतर ती टेबलाशी बसायची थांबली.

हे त्याने मला हेडफोन घेतले त्या वर्षी सांगितलं. "दादा, मी खोटं बोललो होतो. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. आई ते गाणं मनात धरून गेली. आता मला बघायचंय, तिथे खरंच काय आहे." मी म्हणालो, "तिथे काही नाही. कानाला जे हवं असतं ते तो खरखरीतून काढून देतो, रोज बघतो मी." तेव्हा माझं तेच प्रामाणिक मत होतं. त्याने वाद घातला नाही. कॅसेट चांगल्या ठिकाणी नेऊन स्वच्छ करून आणली आणि रविवारी सकाळी दार लावून बसायला लागला. तुम्ही म्हणायचात, बाबाची गाण्याची समाधी लागली.

मग एका मंगळवारी त्याचा फोन आला. इतक्या हळू बोलला की मला दोनदा विचारावं लागलं. "दादा, आहे ती. आहे." मी विचारलं, काय म्हणते? "फोनवर नको. रविवारी ये." मी रविवारचं तिकीट काढलं. शुक्रवारी तो बसथांब्यावर कोसळला. पुढचं तुला माहीतच आहे.

आता गेल्या महिन्यातलं. आपण त्याची खोली आवरत होतो. तू सहज ते हेडफोन कानांवर चढवलेस आणि टेपचं बटण दाबलंस. तू म्हणालीस, "अय्या, आजी! काय गोड बोलायची!" आणि मग जरा थांबून, "काका, मागे ती मुलगी कोण आहे?" तेवढ्यात सामान न्यायला टेम्पोवाला आला, तू ते काढून ठेवलेस आणि खाली पळालीस. मी ते कानांना लावले. आई होती, घड्याळ होतं, तुझा बाबा टेबलाखाली डबे वाजवत होता. बाकी काही नाही. आवाज वाढवला, पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. परत आल्यावर मी त्या बंद खोलीत जाऊन बसलो आणि माझ्या मदतनीस बाईंना म्हटलं, जरा माझे कान बघा. त्यांनी तपासणीचा कागद माझ्यापुढे ठेवला. लहान मुलीचा आवाज जिथे असतो, तिथे माझी रेघ खाली उतरून गेली आहे. किती का महागाचे असेनात, ते हेडफोन मला आता उपयोगाचे नाहीत.

म्हणून एवढंच मागतो. विकायचे तर विक, मी अडवणार नाही, पण त्याआधी एकदा दार लावून बस आणि ती कॅसेट शेवटपर्यंत ऐक. ठकी काय म्हणते ते मला सांगायला ये. फोनवर नको, समोर बसून, मोठ्याने, माझ्या तोंडाकडे बघत सांग. ती पाणी मागत असेल, घाबरून आईला बोलावत असेल, तरी तेच सांग. मला बरं वाटावं म्हणून गाणं म्हणतेय असं सांगू नकोस.

वाट बघतो.

तुझाच,
मोठा काका