नॉर्मल आलेल्या एक्स-रेची दुसरी प्रत मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
ग्रामीण रुग्णालय, पांगरदरा,
ता. मालेगाव, जि. वाशीम.

अर्जदार : सौ. पौर्णिमा स्वप्निल सरकटे, वय २९, शिक्षण बी.एस्सी., रा. मेडशी.

विषय : कु. प्रियदर्शनी सरकटे हिच्या डाव्या पायाच्या दि. ११/१०/२०२२ च्या एक्स-रेची प्रत येत्या गुरुवारच्या लिलावाआधी मिळणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचे दि. १२/०१/२०२६ व दि. १९/०१/२०२६ चे अर्ज.
२) आपल्या सूचना फलकावरील निर्लेखित साहित्याच्या लिलावाची नोटीस.

महोदय,

अर्जदाराचे आधीचे दोन्ही अर्ज चार-चार ओळींचे होते. त्यांवर आवक क्रमांक पडला, पुढे काही झाले नाही. म्हणून हा तिसरा अर्ज काहीही न लपवता, सविस्तर लिहिला आहे. मुलीला मंगळवार दि. १० फेब्रुवारी रोजी ऑपरेशनसाठी नागपूरला बोलावले आहे, एवढे ध्यानात ठेवून तो शेवटपर्यंत वाचावा.

१. अर्जदाराची मुलगी प्रियदर्शनी, वय आठ वर्षे, इयत्ता तिसरी, हिला सिकलसेलचा आजार (एसएस) असून तो ती दोन वर्षांची असताना कळला. तेव्हापासून रोजची गोळी, पाण्याची बाटली, थंडीत दोन स्वेटर आणि उशाशी थर्मामीटर असे घर चालू आहे. मुलीचे कोणते रडणे कशाचे, हे अर्जदार शेजारच्या खोलीतून सांगू शकते. सिकलचे दुखणे उठले की ती किंचाळते, घर डोक्यावर घेते, आणि तीन-चार दिवसांत ते उतरते. गेल्या जून महिन्यात डाव्या नडगीत सुरू झालेले दुखणे तसे नाही. त्यात ती बोलायचीच थांबते. दोन्ही हातांनी नडगी धरून भिंतीकडे तोंड करून बसते. गुडघ्याखाली चार बोटांवर हाड फुगले आहे आणि तिथे कातडी गरम लागते. हे दुखणे वेगळे आहे असे अर्जदाराने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते. जिथे गेलो तिथे उत्तर एकच, "सिकलमध्ये हाडं दुखतातच, ताई." चार महिने त्यातच गेले. मग हाडात जंतू असतील म्हणून सहा आठवडे सलाईनमधून औषध दिले, जंतू सापडला नाही. आता नागपूरच्या कागदावर आजाराच्या नावाच्या जागी "कारण अस्पष्ट" असे लिहिले आहे. सिकलसेलचे कार्ड दाखवता येते. या दुसऱ्या आजाराचे दाखवायला काहीच नाही. मुलगी लंगडते ते लोकांना दिसते, आणि ते अर्जदारालाच विचारतात की काय झालं.

२. नव्या एक्स-रेत त्या जागी बोराएवढा काळा डाग आहे. नागपूरच्या डॉक्टरांचे म्हणणे असे की, हा डाग तीन वर्षांपूर्वीही असेल तर तो सावकाश चालणारा आहे, त्याच्यावर नजर ठेवता येईल, आज हाड उघडण्याची गरज नाही. पण तो नवा असेल तर भूल देऊन हाडाचा तुकडा काढून तपासावाच लागेल. भूल म्हणजे सिकलच्या पोरीला काय असते, हे आपणांस अर्जदाराने सांगणे म्हणजे गुरुजींना बाराखडी शिकवणे. २०२४ साली साध्या तापात तिची छाती भरली आणि नऊ दिवस ती आयसीयूत होती. डॉक्टर स्वच्छ म्हणाले, "आम्ही सगळी काळजी घेऊ, रक्त आधी चढवू. पण माझ्याकडून खात्री मागू नका." त्यांनी मागितला तो फक्त जुना एक्स-रे. अर्जदाराने तुमच्या रुग्णालयाचा "नॉर्मल" लिहिलेला रिपोर्ट पुढे केला, तर म्हणाले, "रिपोर्ट नको, फिल्म आणा. मला माझ्या डोळ्यांनी पाहायचंय."

३. फिल्म कुठे गेली, ते आता लिहिणे भाग आहे. दि. २५/१०/२०२२ रोजी दिवाळीत सूर्यग्रहण होते. अर्जदाराचे सासरे पंजाबराव सरकटे, सेवानिवृत्त शिक्षक, हे दर ग्रहणाला गल्लीतील पोरे विहारासमोर गोळा करतात. भीती मोडावी म्हणून ग्रहण लागलेले असतानाच त्यांना चिवडा खाऊ घालतात. त्या दिवशी त्यांनी सूर्य बघायला एक्स-रे मागितला. अर्जदार घरातील कागदाचा कपटाही टाकत नाही. पण हा एक्स-रे तेव्हा सिकलचे दुखणे पायात उठले म्हणून काढलेला, आणि तो नॉर्मल आला होता. दुखणाऱ्या पायाचा नॉर्मल एक्स-रे कशाला जपायचा, असा विचार करून तिने तो स्वतःच्या हाताने दिला, आणि सगळ्या पोरांना तुकडा मिळावा म्हणून कात्रीही तिनेच दिली. चार तुकडे झाले. सासरे म्हणत होते, "आधी खा रे पोट्टेहो, मंग पाहा! गरनात खाल्ल्यानं कोनी मेलं काय आजलोक?" प्रियदर्शनी तेव्हा पाच वर्षांची. ती सगळ्यांना ओरडून सांगत होती, "माह्या तंगडीतून सूर्य दिसून राह्यला! एकेक जन या, ढकलू नोका!" गल्ली हसली, अर्जदारही हसली. एक्स-रेतून सूर्य पाहणे डोळ्यांना घातक असते हे तिला पुढे वाचनात आले. बी.एस्सी. असून तेव्हा माहीत नव्हते, हेही इथे कबूल करते.

४. गेल्या महिन्यात अर्जदाराने ते चारही तुकडे शोधले. घोट्याचा तुकडा सासऱ्यांच्या कपाटात मिळाला. पावलाचा शाळेत हाडांच्या तक्त्याला चिकटवलेला होता. मधला तुकडा शेजारच्या नानीबाईंनी फुटलेल्या काचेच्या जागी खिडकीला लावला होता. त्या स्वतःच्या हाताने काढून देताना रडल्या. "अवं माय, मले का मालूम, हे पोरीचं हाड हाय म्हून! उजेड येते म्हून लावला मी." ज्या तुकड्यात गुडघा आणि गुडघ्याखालची ती जागा आहे, तो मात्र देवानंदच्या पीठगिरणीत सापडला. तीन वर्षे त्याने त्या तुकड्याने पीठ खरवडले. नागपूरच्या डॉक्टरांनी तो उजेडावर धरला, आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला आणि परत दिला.

५. आपल्या कार्यालयात प्रत मागितली असता लिपिकांनी सांगितले की, फिल्म एकदाच मिळते. हरवली असल्यास पोलीस ठाण्याचा गहाळ दाखला आणावा. अर्जदार ठाण्यात गेली. हवालदारांनी चारही तुकडे टेबलावर जुळवून पाहिले आणि म्हणाले, "बाई, कोनता तुकडा कुठी होता थे तुमाले मालूम, सारे सापडले बी. मंग हरवलं काय, थे तं सांगा!" लिपिकांना हे सांगितले तर ते म्हणाले, "मॅडम, तुमी तुकड्याइचं नाव काढलंच कायले? हरवली म्हना अन् मोकळे व्हा." खोटे लिहून दाखला मिळाला असता तर अर्जदाराने तेही केले असते. पण एव्हाना हवालदारांना सगळे ठाऊक झाले होते. त्यानंतर दुसऱ्या खेपेला नवे उत्तर मिळाले की, तीन वर्षे उलटल्याने ते रेकॉर्ड आता नाही.

६. रेकॉर्ड आहे. आपल्याच एका कर्मचाऱ्यांनी, ज्यांचे नाव अर्जदार लिहिणार नाही व आपणही विचारू नये, हळूच सांगितले की तेव्हाचे सर्व एक्स-रे जुन्या संगणकात आहेत, तो संगणक बंद पडलेला नाही, फक्त बदलला आहे, आणि भांडारात मोडक्या खाटांखाली ठेवला आहे. नोटिशीतील यादीत तो अनुक्रमांक १७ वर असून गुरुवारी अकरा वाजता त्याचा भंगारात लिलाव आहे. नोटिशीप्रमाणे बोली फक्त नोंदणीकृत भंगार व्यावसायिकास लावता येते. अर्जदाराने तसे दोन व्यावसायिक गाठून विचारले. एक म्हणाला, "ताई, आमी आधी फोडतो, मंग तोलतो." म्हणून विनंती की अनुक्रमांक १७ यादीतून वगळावा, अथवा लिलावाआधी तो संगणक एकदा सुरू करून द्यावा.

७. शेवटी लिपिकांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांच्यावर राग नाही, त्यांनाही पोरेबाळे आहेत. ते म्हणाले, "उद्या त्या फोटोत डाग निंघाला तं तुमी ग्राहक मंचात जासान. नॉर्मल लिवनारे डॉक्टर गेले बदलून. जबाब कोन देईन? मीच!" तेव्हा अर्जदार खालीलप्रमाणे लिहून देते. हे हमीपत्र समजावे.

फोटोत डाग निघाला तर अर्जदार, तिचा पती वा सासरे कुठेही तक्रार करणार नाहीत. ज्या डॉक्टरांच्या नजरेतून तो सुटला, त्यांचा पत्ता आपण दिलात तर अर्जदार पेढे घेऊन त्यांच्या घरी जाईल. लिपिकांना भीती आहे की रिपोर्ट चुकलेला निघेल. अर्जदाराला भीती आहे की तो बरोबर निघेल. साहेब, मी तिची आई आहे, आणि माझ्या पाच वर्षांच्या पोरीच्या हाडात तेव्हाही डाग होता, एवढेच ऐकायला मी तुमच्या दारात आले आहे.

डाग नसला, तरीही प्रत द्यावी. मग मंगळवारी भुलीच्या कागदावर सही करताना माझा हात थांबणार नाही.

आपल्याच व्हरांड्यात मुलीसह बसलेली,
(सही)
सौ. पौर्णिमा स्वप्निल सरकटे
दि. ०२/०२/२०२६, सोमवार

सोबत :
१) फिल्मचे चार तुकडे (पाहून परत द्यावेत).
२) "नॉर्मल" रिपोर्टची छायांकित प्रत.
३) नागपूर येथील कागद, ज्यावर "कारण अस्पष्ट" लिहिले आहे.
४) सिकलसेल कार्डाची छायांकित प्रत.
५) कोरा पेन ड्राइव्ह, एक.