व्याहीबुवांची टाकी एकदाची स्थिरावली

व्याहीबुवांच्या सेवेशी,

उभयतांचा सादर नमस्कार. आपला गुडघा जिना चढताना अजून कुरकुरतो का, आणि विहीणबाईंना झोप नीट लागते का, ते सवडीने कळवावे. आमच्याकडे सर्व क्षेम आहे. बोटांना रेझिन चिकटले आहे ते सुटत नाही, म्हणून अक्षर असे दिसते, वयामुळे नव्हे. (सौ. म्हणते वयामुळेच. तिचे मत नोंदवले, पुढे जातो.)

बातमी आधी सांगून टाकतो, कारण ती पोटात ठेवून दुसऱ्या पानापर्यंत जाण्याइतका धीर माझ्यात उरलेला नाही. टाकी हलायची थांबली. आपल्या शिडाच्या बोटीतली, तीच. पाण्याने काठोकाठ भरलेली असताना, बोट दोन्ही बाजूंना झुलत असताना, हलत नाही. आयुष्यभर मुलांना 'अचल' या शब्दाचा अर्थ शिकवला, पण तो शब्द स्टेनलेस स्टीलमध्ये प्रथमच पाहिला.

आपल्याला तो प्रसंग आठवत असेलच (विसरावासा वाटत असला तरी). खाडीच्या तोंडाशी लाट आडवी आली आणि केबिनच्या फळ्यांखालची ही टाकी, जी आपल्या म्हणण्याप्रमाणे 'जराशी सैल' होती, ती जागा सोडून डाव्या बाकाच्या पायांना भेटायला गेली. बाकावर विहीणबाई होत्या, हातात चहा होता. बाक खाली बसले, विहीणबाई बाकासकट खाली बसल्या, आणि चहाचा एक थेंब सांडला नाही. एवढा तोल सांभाळणारी व्यक्ती मी तरी पाहिली नाही. मग त्यांनी तो चहा शांतपणे संपवला आणि निकाल दिला, की ती टाकी हलते आहे तोवर आपल्या घरातले कुणी या बोटीवर पाय ठेवणार नाही. आपण बोट आमच्या हवाली केलीत ती त्यानंतर. किल्ली देताना "घ्या, ब्याद गेली" असे म्हणालात खरे, पण मग धक्क्यावर इतका वेळ उभे राहिलात की विहीणबाईंना गाडीचा हॉर्न वाजवावा लागला. ते मी पाहिले आणि त्याच दिवशी मनाशी म्हटले, की आधी टाकी.

फळ्या उचलल्या. आपण ही टाकी कशी बसवली होती हे आपल्याला माहीत आहे, तरी सांगतो, कारण आमच्या डोळ्यांसमोरून ते दृश्य हलत नाही. (टाकीपेक्षा हे अधिक पक्के बसले आहे.) दोन लाकडी पाचरी, त्यांतली एक म्हणजे मोडक्या खुर्चीचा पाय. अर्धी गादी, जी पाणी पिऊन पिऊन मूळ वजनाच्या चौपट झालेली. आणि या सगळ्याला आवळून धरणारा एक पट्टा. पट्टा कमरेचा आहे. कमर कोणाची आणि कोणत्या काळातली, यावर भाष्य लिहिण्याचा मोह मी आवरला. सौ. मात्र पट्टा उजेडात धरून म्हणाली, "अहो, व्याहीबुवा एवढे बारीक होते?" मी आपली बाजू घेतली, एवढेच नमूद करतो.

कामाला सुतार बोलावला. हा मनुष्य जन्मभर कपाटे करत आलेला. बोट त्याच्या लेखी आडवे पडलेले कपाट. पण हात चांगला आणि आत्मविश्वास माझ्यासारखाच, म्हणजे विषयाच्या ज्ञानावर अवलंबून नसलेला. आमचे एकमत लगेच झाले: टाकी अगदी मधोमध हवी. बाजूला गेली तर बोटीचा तोल जाणार, एवढे दोघांनाही समजत होते. आता मध्य शोधायचा कसा? बोट एका जागी थांबेना. मी मोजपट्टी टेकवावी, तर पलीकडून एखादा मचवा जाई आणि आम्ही दोघे एकमेकांना नमस्कार केल्यासारखे वाकत असू. तेव्हा ओहोटीची वाट पाहायचे ठरले. ओहोटीला पाणी जाते, बोट गाळात बसते आणि जागची हलत नाही. ही युक्ती माझी. पुढची सुताराची: छताच्या बरोबर मध्यावर खिळा ठोकला, त्याला ओळंबा टांगला, आणि ओळंब्याचे टोक खाली जिथे आले तिथे पेन्सिलने फुली मारली. "सर, माणूस खोटं बोलेल, ओळंबा नाही," असे तो म्हणाला. मला तर गहिवरून आले. प्रत्यक्ष प्रमाण याहून वेगळे काय असते?

फुलीच्या दोन्ही अंगांना बोटीच्या पोटाच्या आकाराचे सागवानी ठोकळे तासून बसवले, त्यांवर फायबरचे कापड आणि रेझिनचे थर चढवले, टाकीखाली आणि कडांना रबराच्या पट्ट्या दिल्या (आपली गादी निवृत्त केली आहे), आणि वरून रुंद पोलादी पट्टे टाकून बोल्टने आवळले. रेझिनचा वास असा, की सौ. धक्क्यावरून खाली यायला तयार होईना. तिथूनच विचारत होती, "अहो, टाकी बसवताय की पुरताय?" रेझिन सुकल्यावर सुताराने टाकीला खांदा लावून पाहिला. टाकी तिथेच राहिली, खांदा सुजला.

आता परीक्षा. भरतीला बोट तरंगू लागली, टाकी भरली, आणि समुद्र शांत असल्यामुळे लाटांचे काम आम्ही स्वतःकडे घेतले. सौ., आमची कन्या, सुतार आणि मी, असे सगळे माझ्या "डावे" या आज्ञेवर डावीकडे धावायचे आणि "उजवे" म्हटले की उजवीकडे. (कन्या आता आपल्या घरातली की आमच्या, हा वाद चाचणीपुरता लांबणीवर टाकला.) बोट अशी झुलू लागली की शेजारच्या बोटीवरचे गृहस्थ भांडी आवरून आत गेले. सुताराला भोवळ आली. सौ. दर खेपेला माझ्याच पायावर येत होती. ते चुकून होते असे ती म्हणते. मी मध्येच फळ्यांवर पालथा पडून कान लावला. खालून आवाज नाही. ठक नाही, खर्र नाही, काही नाही. कन्या वरून विचारते, "बाबा, काय ऐकू येतंय?" मी म्हणालो, "काहीच नाही," आणि ते सांगताना माझा आवाज एवढा चढला की काहीतरी बिघडले असे समजून सगळे एकदम डावीकडे धावले.

तरी विहीणबाईंना एवढे कळवावे, की त्यांची अट पूर्ण झाली. टाकी हलत नाही. लेक-जावयाला सुट्टी आहे, समोरच्या बेटापर्यंत जाऊन यायचे त्यांच्या मनात आहे, आणि आता कुणाला हरकत असू नये. लोभ आहेच, तो टाकीइतकाच घट्ट राहावा.

आपला,
व्याही

ता. क. परीक्षा संपल्यावर आम्ही केबिनमध्ये चहाला बसलो, तेव्हा टेबलावरचा चमचा डावीकडे घरंगळत गेला. उचलून ठेवला, पुन्हा गेला. मग पेन्सिल गेली. मग सुतार माझ्याकडे पाहू लागला आणि मी सुताराकडे. झाले असे, की ओहोटीला बोट गाळात बसते ती सरळ बसत नाही, डाव्या कुशीवर कलून बसते. ओळंबा खोटे बोलला नाही. त्याने पृथ्वीचा हिशेब बरोबर सांगितला, आम्ही तो बोटीचा समजलो. टाकी मध्यापासून वीतभर डावीकडे, चिरकालासाठी स्थापन झाली आहे. ती भरली की बोट डावीकडे मान टाकते. आता ती काढायची तर टाकीपासून बोट काढावी लागेल.

ता. क. २. म्हणून खरी विनंती अशी, की उजव्या बाकावर कायम कोणीतरी बसलेले हवे. दोन माणसे लागतील; प्रौढ, भारदस्त आणि एकदा बसली की न उठणारी. अशी जोडी माझ्या माहितीत एकच आहे. (हे वाचून दाखवताना 'भारदस्त' या शब्दापाशी आपण खोकावे.) विहीणबाईंची अट टाकीच्या हलण्याविषयी होती; बोटीच्या कलण्याविषयी त्या काही बोलल्याचे मला स्मरत नाही. दोन्ही बाकांचे पाय नवे केले आहेत. चहा आम्ही देऊ.

ता. क. ३. पत्र कन्येने वाचले. तिचे म्हणणे, "बाबा, उजवीकडे वाळूची दोन पोती ठेवली की झालं, त्यांना कशाला छळता?" युक्तिवाद निर्दोष आहे. जावईबापूंनी पोती धक्क्यापर्यंत आणलीसुद्धा. मी त्यांना एवढेच विचारले, की यांतले कोणते पोते सुकाणू धरणार, कारण तुम्हाला ते येत नाही, मला येत नाही, आणि ज्यांना येते ते घरी गुडघा चोळत बसले आहेत. जावईबापूंनी हातातले पोते खाली ठेवले, हात झटकले आणि म्हणाले, "आईला मी विचारतो. बाबांना विचारायची गरज नाही."