सगळ्यांना बसणारा कोट

६ जानेवारी

झाले एकदाची भाईंदरकर! म्हसळ्यात लग्नांचे अल्बम जुळवून जुळवून कंटाळलेली मी आज केबिन रोडवरच्या 'हंसा फोटो'त रुजू झाले. मालकीण हंसाबेन साठीच्या, गोलमटोल. बोलायला लागल्या की मराठी, हिंदी, गुजराती एकाच ताटात वाढतात. मला पाहताच पहिला प्रश्न, संचिता बेटा, जेवली का? अशी मालकीण मिळायला नशीब लागतं.

खोली जवळच्या मुर्धा गावात, घरमालकीण विमलाबाईंच्या घराला लागून. मागे खाडी, पलीकडे बंद पडलेली मिठागरं. धाकटा भाऊ अनिशही सोबत आलाय. बीकॉम होऊन घरी बसला होता. इथे कुठल्या ऑफिसात चिकटला की आईचा जीव भांड्यात पडेल. निघताना आईने त्याचा हात माझ्या हातात दिला, जसं काही मी त्याला सासरी नेतेय. बाहेरून आला की तो दारावर नखांनी टकटक करतो, लहानपणापासूनची खोड. कडी वाजवायला काय होतं, देव जाणे.

१० जानेवारी

आमची गिऱ्हाइकं म्हणजे नोकरीधंद्याच्या साइटवर फोटो लावणारी माणसं. आणतात काय, तर गोव्याला गॉगल लावून काढलेला! बेव्हर्ली पार्कचा बंटी, घरांचा दलाल, बाइकवर रेलून काढलेला घेऊन आला. मी म्हटलं, अहो, लोक तुमच्याकडे फ्लॅट मागणार की लिफ्ट? मग त्याला राखाडी भिंतीपुढे बसवला. उजेड बाजूने, नजर सरळ कॅमेऱ्यात, हसू ओठांपुरतं. काढण्यापेक्षा निवडणं कठीण. माणूस स्वतःला आवडेल तो फोटो निवडतो. मी निवडते तो परक्याला भरवसा वाटेल असा. त्यावरून रोज एक भांडण.

कोट कुणाकडेच नसतो, तो कॉम्प्युटरवर चढवायचा. नेटवरचे कोट पुठ्ठ्याचे वाटतात. हंसाबेनकडे मात्र एक खराखुरा आहे. गडद निळा, आत पांढरा शर्ट, कुणाच्या तरी फोटोतला. फक्त डोकं कापून काढलंय. त्याचा डावा खांदा जरा पडलाय, म्हणून वर बसवलेलं डोकंही डावीकडे कलतं ठेवावं लागतं. तरी गळ्याशी जोडाची रेघ राहतेच आणि ती पुसता पुसता डोळे फुटतात. हंसाबेनचा हुकूमच आहे की दुसरा कोट लावायचा नाही, हा लकी आहे.

आज कळलं, कोट त्यांच्या मुलाचा, दिपेशचा. तो वारला. आतल्या खोलीत त्याची हार घातलेली तसबीर आहे. उन्हाने चेहरा पार पांढरा पडलाय, नाकडोळे काही दिसत नाहीत. कोट मात्र नवाकोरा.

१६ जानेवारी

कोट लकी आहे खरा. पंढरीनाथ म्हणून पन्नाशीचे गृहस्थ आहेत, त्यांना मॉलमध्ये सुपरवायझरची जागा मिळाली. हंसाबेननी पेढे वाटले, पहिला तसबिरीपुढे ठेवला.

आमच्या घरी मात्र दिव्याखाली अंधार. अनिशच्या प्रोफाइलवर चुलतबहिणीच्या लग्नातला फोटो, खांद्यावर कुणाचा तरी कापलेला हात. आज त्याला ओढत आणला. आला तो गावच्या क्रिकेट स्पर्धेचा पिवळा टी-शर्ट घालून, पाठीवर नाव आणि सात नंबर. वर म्हणे, जन्मात कोट घातला नाही, मग खोटं कशाला? मी म्हटलं, नवरदेव फेटा काय रोज बांधतो? फोटो काढला, डोकं कापलं, कोटावर ठेवलं आणि बघतच राहिले. रेघच नाही! पहिल्या फटक्यात बसलं.

हंसाबेन माझ्या मागे उभ्या होत्या. मग पुढे येऊन पडद्यावरच्या कोटावरून हात फिरवला. बिचाऱ्या.

२२ जानेवारी

बंटी आणि पंढरीनाथ दोघेही प्रिंट न्यायला आले. दोघांच्याही माना डावीकडे कललेल्या. मला हसूच आलं. पंढरीनाथ म्हणाले, थंडीने मान धरलीय. पण दोघेही सारखे गळ्याचं बटण सैल करत होते, आणि बंटीच्या शर्टाला वरचं बटणच नव्हतं.

अनिशला मुलाखतीचं बोलावणं आलंय. आनंदात आहे, पण झोपत नाही.

तसबिरीत भुवया उमटल्यासारख्या वाटतात. नाकही. हंसाबेन म्हणाल्या, काच पुसली म्हणून. काच तर रोज मीच पुसते.

२७ जानेवारी

अनिशला नोकरी लागली! अंधेरीत, थंडगार ऑफिस. हंसाबेन त्याच्या गळ्यात पडून रडल्या, स्वतःच्या हाताने पेढा भरवला. मग शेजारच्या दुकानदारांना सांगत सुटल्या की माझ्या दिपेशला नोकरी लागली. म्हातारं माणूस, जीभ घसरते, म्हणून मी सोडून दिलं. पण अनिशनेही चूक सुधारली नाही. हसला फक्त, ओठांपुरतं.

रात्री जेवताना त्याची मान डावीकडे होती. बनियनवर बसला होता आणि गळ्याचं बटण शोधत होता. मला हे आवडलं नाही. मुळीच नाही.

३० जानेवारी

विमलाबाई बोंबील साफ करत बसल्या होत्या. मी कुठे काम करते ते सहज सांगितलं, तर त्यांचा हात थांबला. हंसाबेनचा मुलगा मुलाखतीला कोट घालून गेला होता म्हणे. घेतलं नाही त्याला. तसाच इथे आला, मिठागराच्या बांधावर, आणि खाडीत उतरला. "लय दिसांनी गावला गो. तोंड न्हाय राह्यलं व्हतं. कोटावरनं वलखला आयशीनं." अजूनही तिन्हीसांजेला बांधावर दिसतो, तोंड शोधत फिरतो, असं गाव म्हणतं.

मी हसण्यावारी नेलं असतं. पण आज पंढरीनाथ दुकानावरून गेले. मान सरळ. बंटीचीही सरळ. दोघांनाही एकाच दिवशी आराम पडला. मला बरं वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही. म्हणजे दिपेशला आता त्यांची गरज— नको. लिहीत नाही.

१ फेब्रुवारी

अनिश काल कामावरून परतला नाही. फोन उचलत नाही. शेवटी हंसाबेनच्या घरी सापडला, पाटावर जेवायला बसलेला. अंगात निळा कोट. आमच्याकडे कोट नाही.

आत वळून म्हणाला, मम्मी, भूख लागी छे. त्याला गुजरातीचा गंध नाही!

हाताला धरून ओढलं. गिऱ्हाइकाकडे पाहावं तसं पाहिलं माझ्याकडे. विचारलं, आप कौन?

हंसाबेन दार लोटताना रडत होत्या. तुझ्या आईला तू तरी आहेस, म्हणाल्या. मला हा एकच.

२ फेब्रुवारी

किल्ली माझ्याकडे होती. पहाटेच स्टुडिओ उघडला. कोटाची फाइल उडवली. अनिशचा मूळ फोटो शोधला, कापण्याआधीचा. तोच प्रोफाइलवर लावायचा, म्हणजे कदाचित तो—

पिवळा टी-शर्ट आहे. गुडघ्यांवर हात आहेत. वर राखाडी भिंत. नुसती भिंत. गळ्याची कड एकदम स्वच्छ. मी कापते तशी.

आत तसबिरीकडे पाहिलं. हाराच्या आत अनिश हसतोय.

३ फेब्रुवारी

आईचा फोन. कोटातला फोटो सगळ्या आळीला दाखवला म्हणाली. साहेब दिसतो माझा पोर. फक्त मान अशी का गं? जेवतो ना वेळेवर?

जेवतो म्हटलं. जेवतोच तर. पण कोण जेवतोय, ते—

दोरीवरचा पिवळा टी-शर्ट सापडत नाही.

४ फेब्रुवारी, तिन्हीसांज

विमलाबाई बांधावरून धावत आल्या. कुणीतरी येतंय, दार लाव. तोंड न्हाय त्याला, तोंड न्हाय—

लावलं. कडी घातली.

पावलं. ओली. ओट्यावर—

नखं. दारावर. टकटक.

फटीतून पाहिलं. पाठमोरा उभा आहे. पिवळा टी-शर्ट, पाणी गळतंय. पाठीवर नाव. सात.

ओळखला मी. कपड्यावरून—

विमलाबाई भिंतीपलीकडून ओरडतायत, उघडू नको, तुझा न्हाय तो. माझाच आहे. आईने हात माझ्या हातात दिला होता. कापलं मीच. हाक कशी मारेल तो, त्याला तर—

पुन्हा टकटक. हळू. लहानपणी करायचा तशीच.

कडी काढतेय. तो वळतोय. अनिश, ये, आत ये, मी